उणे दोन मिलिमीटर

भूपाल, तुझा फ्लेक्स लागला. लक्ष्मीपुरीच्या चौकात, विजेच्या खांबाला, कुठल्याशा शिकवणीच्या जाहिरातीवरच बांधलाय. त्यामुळे तुझ्या खाली 'प्रवेश सुरू' एवढी अक्षरं अजून वाचता येतात. मागे निळं आभाळ, पांढरे ढग, आणि ढगांतून तू वर आलेला, निळा कोट आणि लाल टाय घालून. डोकं तुझं आहे. तुझ्या पोराच्या, अभिनंदनच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलंय, म्हणून मान जराशी डावीकडे कललेली आहे, शेजारच्याचं काहीतरी ऐकत असल्यासारखी. शेजारी आता ढग आहे. गळ्याखालचा माणूस कोण, मला माहीत नाही. चांगला तरणाबांड आहे. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो ओळीनं आहेत. त्यातले दोघं हसतायत, आणि एकाचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे, कारण निवडणूक जवळ आली आहे.

तू बघितला असतास तर कमरेवर हात ठेवून म्हणाला असतास, "मास्तर, मेलेला आउट आणि जित्ती सगळी शार्प. श्रद्धांजली कुणाला हाय ही?"

तुला हे नको होतं. तुला काय हवं होतं ते मला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं, उद्यमनगरातल्या दिलीप लेथवाल्यालाही माहीत होतं. तुला एक फोटो हवा होता. तुझा स्वतःचा, हाराचा, तुझ्याच खुर्चीत बसून, आठ फुटांवरून, तुझ्या त्या जुन्या पन्नास एमएमच्या भिंगातून काढलेला. माणसं बंगला मागतात, परदेशवारी मागतात. तुझी मागणी एवढीच होती, आणि सगळं कोल्हापूर मागे लागलं तरी ती पुरी होईना, कारण मध्ये दोन मिलिमीटर आडवे आले होते.

तू जाऊन आठवडाही झालेला नाही, म्हणून हे तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगण्यातच माझी उभी नोकरी सरली. तरी मास्तरकीची खोड आहे, थोडं समजावणं होईलच. सहन कर.

हाराचा फोटो म्हणजे काय ते तुझ्याकडून शिकलो. साठी ओलांडलेली माणसं एखाद्या दुपारी इस्त्रीचे कपडे घालून, घरी "जरा बाजारात जाऊन येतो" सांगून तुझ्या स्टुडिओत शिरायची. "पासपोर्ट काय?" तू विचारायचास. "न्हाय. मोठा." एवढंच उत्तर यायचं आणि दोघांनाही कळायचं. पुढे कधीतरी भिंतीवर लावून ज्याला हार घालायचा, तो हा फोटो. आपल्यामागे घरच्यांची शोधाशोध नको, कुठल्यातरी पंगतीच्या फोटोतून मुंडकं कापायला नको, म्हणून जिवंतपणीच उरकून ठेवायचं काम. मोठी माणसं मृत्युपत्र करतात. आपल्या भागातली माणसं तुझ्याकडे यायची.

खिळ्याला तो काळा कोट असायचा. शेंगांच्या व्यापाऱ्यालाही बसायचा आणि मुरगूडच्या पैलवानालाही. बारीक माणूस असेल तर मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचास, जाडा असेल तर पाठीची शिवण उसवून ठेवलेली होतीच. अर्धी लक्ष्मीपुरी आज भिंतीवर एकाच कोटात आहे. "वर गणवेश सक्तीचा आहे असं वाटेल देवाला," मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "वाटू दे. पण कोट खरा हाय मास्तर. कापून चिकटवलेला न्हाय."

माझ्या आईला आणलं त्या दिवशी तिनं कोटाकडे बघून, "ह्यो कुणाचा?" असं विचारलं. तू तिला कोटाऐवजी तिची जरीच्या काठाची शालच घ्यायला लावलीस. खुर्चीच्या काठावर बसवलंस. सगळ्यांना काठावरच बसवायचास. टेकून बसलेला माणूस पोट पुढे काढतो, आणि काठावर बसला की चेहरा पाठीच्या फळीपासून फूटभर पुढे येतो, मग चेहरा स्वच्छ आणि फळी धूसर. "फळी आउट गेली पायजे. हार फळीला घालायचा न्हाय," हे तुझं शास्त्र. मग तू जमिनीवरच्या लाल ऑइलपेंटच्या पट्टीवर जाऊन उभा राहिलास. खुर्चीपासून आठ फूट. त्याच्या पुढे तू कधी जायचा नाहीस. "त्याच्या आत गेलं की माणूस सावध हुतंय, आणि नाक मोठं येतंय."

"हसा" असं तू आयुष्यात कुणाला म्हणाला नाहीस. तू आईला विचारलंस, "मावशी, आज जेवायला काय केलंय?"

"केलंय काय, झुणका केलाय. येणार हाईस व्हय तू?"

तू उत्तर दिलं नाहीस. आईचं बोलणं संपलं, तुझ्या उत्तराची वाट बघत ती थांबली, आणि तेवढ्यात तू बटण दाबलंस. तीच तुझी पद्धत होती, सगळ्यांना हाच प्रश्न, आणि उत्तर संपल्यानंतरचा तेवढा क्षण. आईला जाऊन किती वर्षं झाली. भिंतीवरून ती अजून विचारतेय, येणार आहेस का जेवायला. तू गेला नाहीस कधी. हे मी तुला सांगितलं नव्हतं, की त्या फोटोसमोरून जाताना मला दर वेळी ताट वाढायला हवं असं वाटतं. सांगितलं असतं तर तू भिंगाचं कौतुक समजून घेतलं असतंस, आणि आपला वाद मी हरलो असतो.

तो वाद आठवतो ना? भिंगाचा. मी म्हणायचो, काच ती काच. अमुक काचेत माया असते आणि तमुक काचेत नसते, हे अत्तर विकणाऱ्यांचं बोलणं. आईचा चेहरा तुझ्या प्रश्नानं आला, भिंगानं नाही. तू म्हणायचास, "मग उतरव तो फोटो आणि मोबाइलमधला लाव." याला वाद म्हणत नाहीत, तोंड बंद करणं म्हणतात. माझं मत मी अजून बदललेलं नाही. फोटो उतरवलेलाही नाही.

मग कंपनीनं कॅमेऱ्याचं तोंड बदललं. आपोआप फोकस करणारे कॅमेरे काढायचे म्हणून भिंग बसायची जागाच नवी केली. जुनी भिंगं एका दिवसात पोरकी झाली. तुला तेव्हा काही वाटलं नाही, तुझ्या जुन्या कॅमेऱ्याची बॉडी ठणठणीत होती. पुढे डिजिटल आलं. लग्नं, बारशी, पासपोर्ट यांच्यासाठी तूही त्याच कंपनीचा डिजिटल घेतलास, त्याच्यासोबत आलेल्या हलक्या भिंगासकट. पण हाराचा फोटो रोलवरच. मग शहरातली रोल धुणारी शेवटची लॅब बंद झाली. तू स्वतः धुवायला लागलास. मग तुझी छाती बिघडली आणि डॉक्टरांनी त्या रसायनांच्या वासाला बंदी केली. त्याच सुमारास जुन्या बॉडीतला शटरचा पडदा अर्ध्यात अडकला तो अडकलाच. दुसरी जुनी बॉडी मिळवलीस, तिच्यात उजेड शिरत होता. राहिलं एकटं भिंग. काळं, हातात घेतलं की जड, फिरवायच्या कड्यावर फुटांचे आकडे कोरलेले, आणि आकडे संपले की शेवटी आडवा पडलेला इंग्रजी आठ. अनंत. लांबचं सगळं.

"डिजिटलवर बसवूया की," तू म्हणालास. जणू गॅसच्या शेगडीवर जुनं पातेलं ठेवायचं होतं.

मला तेव्हा तू ते गणित समजावलंस. प्रत्येक कॅमेऱ्यात भिंगाच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. भिंग त्या अंतरासाठीच घासलेलं असतं. नवीन बॉडी जुन्यापेक्षा दोन मिलिमीटरनं खोल होती. म्हणजे भिंग जिथं असायला हवं त्याच्या दोन मिलिमीटर पुढे राहणार, आणि मध्ये जोडणारी रिंग टाकली की आणखी पुढे. भिंग पुढे सरकलं की लांबचं दिसत नाही. वाचायचा चष्मा लावून रस्त्याकडे बघावं तसं होतं, हातातलं पुस्तक स्वच्छ आणि बाकी जग ताकासारखं.

हे सगळं नीट कळूनही तू मला घेऊन उद्यमनगरात गेलास. हा आपला कोल्हापुरी आजार आहे. जगात जे बनत नाही ते उद्यमनगरात लेथवर बनतं, अशी आपली श्रद्धा. दिलीपनं भिंग हातात घेऊन उलटसुलट बघितलं, वहीत गोल काढला.

"रिंगची जाडी किती धरू?"

"उणे दोन मिलिमीटर," तू म्हणालास.

दिलीपनं लेथ बंद केला. "उणे म्हंजे?"

"म्हंजे काय न्हाय त्यापेक्षा दोन कमी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ह्यांनी सकाळी काय घेतलंय व्हय?"

"जैन आहे तो. चहाशिवाय काही घेत नाही."

"मग चहातच काय तर पडलंय. अवो पावणं, पंपाचं सांगा, गुऱ्हाळाच्या चरकाचं सांगा, कशाचंबी करून देतो. पण जी वस्तू न्हाईच ती किती मापाची करू?"

तू शांतपणे म्हणालास, "मग कॅमेराच तासूया की दोन मिलिमीटर."

आणि तासला! सेकंडहँड बॉडी आणली, पुढचं तोंड उतरवलं, तासलं, पुन्हा बसवलं. तुझ्या स्टुडिओत आपण तिघं उभे. तू डोळा लावलास आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मोठ्यानं वाचलीस. वाचता येत होती. लहान पोराला शाळेत वाचता यायला लागतं तसा तुझा चेहरा झाला होता. मग तू बटण दाबलंस. आत आरसा असतो, फोटोच्या वेळी तो वर उचलला जातो. तो उचलला आणि तुझ्या भिंगाच्या बुडावर आपटला. टक्. आरशाचे तुकडे बॉडीत खुळखुळायला लागले. तू पहिल्यांदा भिंग काढून उजेडात धरलंस. "काचंला काय झालं न्हाय," म्हणालास, आणि दिलीपला चहा सांगितलास.

अपघातानंतर लोक असंच बोलतात, रे. गाडी गेली, पण माणूस वाचला. तू भिंगाबद्दल बोलत होतास.

मग कुणीतरी काच बसवलेली रिंग आणून दिली. त्या छोट्या काचेनं लांबचं दिसायला लागायचं खरं, पण सगळ्यावर दुधी साय यायची. तू एका गिऱ्हाइकाचा फोटो काढून बघितलास आणि रिंग डब्यात टाकलीस. "पाणी घातलेलं दूध हाय हे. कोल्हापुरात विकलं तर मारतील." बिनकाचेची एक पातळ रिंगही डब्यात होती. ती लावली की भिंगाला हातभर अंतरापर्यंतचं दिसायचं. त्याच्या पुढे ताक. त्यावर तू वहिनींच्या तुळशीची पानं काढायचास, मुंगळे काढायचास. "हाताच्या अंतरात जेवढं जग हाय तेवढं बघतोय," म्हणायचास. मी हसायचो. आता हसू येत नाही.

पुण्याहून अभिनंदन आला की त्याचं एकच म्हणणं. "अण्णा, आता आरसा नसलेले कॅमेरे आलेत. बॉडी पातळ असते. मध्ये जाड रिंग टाकायला भरपूर जागा. तुमची काच बसते, लांबचंपण दिसतं. विषय संपला." त्यानं मित्राचा कॅमेरा आणून दाखवला. तू डोळा लावलास, आणि लगेच काढलास.

"ह्यात माणूस न्हाय."

"मी समोर बसलोय की अण्णा!"

"तू हाईस. ह्यात तुझा टीव्ही हाय. मला टीव्ही बघून माणूस कळत न्हाय."

मी अभिनंदनची बाजू घेतली. म्हणालो, भूपाल, जुन्या कॅमेऱ्यातही तू माणूस बघत नव्हतास, आरशातली सावली बघत होतास. तीही नक्कलच. आरसा खरा आणि पडदा खोटा, हे तुमच्या कुठल्या आगमात लिहिलंय? तू भडकलास. "मास्तर, तू पोरांची शुद्धलेखनं तपास. आरशात उजेड त्या माणसाच्या अंगावरनं आलेला असतोय. त्याच्या अंगाला लागलेला उजेड माझ्या डोळ्याला लागतोय. टीव्हीत बॅटरीचा उजेड." त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी मी आलो नाही. मग आलो. चहा झाला. वाद पुढे कधी मिटला नाही, नुसता जुना झाला.

खरं सांगू? अंगाला लागलेला उजेड ही तुझी गोष्ट मला आवडली होती. चुकीची असेल, पण आवडली होती. आता ते ऐकायला तू नाहीस म्हणून लिहायला हरकत नाही.

छातीनं मग तुला खुर्चीतच बसवलं. नाकात नळी आली, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घुरघुरायला लागलं. स्टुडिओचं शटर अर्धं बंद. एका दुपारी तुझा फोन. "मास्तर, ये. काढून टाकू."

काय काढायचंय ते विचारावं लागलं नाही. मी आलो तेव्हा वहिनींनी तुला तो काळा कोट घातला होता आणि मागून चिमटे लावत होत्या. पूर्वी दोन चिमट्यांत बसणारा तू. घरातले सगळे चिमटे संपले, तरी कोट हलत होता. "वाळत घातल्यागत दिसतोय न्हवं?" तू विचारलंस. वहिनी म्हणाल्या, "गप बसा, धाप लागंल." कॅमेऱ्याला पातळ रिंग लावून तुझं भिंग बसवलेलं होतं. पाणी घातलेलं दूध तुला चालणार नव्हतं, टीव्ही चालणार नव्हता. नळी काढून हातात धरलीस.

मी लाल पट्टीवर उभा राहिलो. डोळा लावला. ताक.

"काही दिसत नाही."

"म्हाईत हाय. फुडं ये."

आलो.

"अजून."

पट्टीच्या पुढे पाऊल टाकताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. तुझ्या स्टुडिओत त्या पट्टीच्या पुढे कॅमेरा कधी गेलेला मी बघितला नव्हता. "अजून," तू म्हणत राहिलास. शेवटी तुझा श्वास मला ऐकू यायला लागला, शिट्टी वाजल्यासारखा, तेव्हा कुठे तुझे डोळे स्वच्छ झाले. त्यात फक्त चेहरा मावत होता. कान नाहीत, खांदे नाहीत, एवढ्या कष्टानं आवळलेला कोट तर कुठेच नाही.

"नाक मोठं येणार," मी म्हणालो.

"येऊ दे. मोठंच हाय."

"आज जेवायला काय, भूपाल?"

"सलाइन."

मी थांबलो. उत्तर संपून तू माझ्याकडे बघत होतास, मी हसतो की काय ते बघायला. बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो फोटो तू बराच वेळ बघितलास. मला वाटलं आवडला. आवडलाच होता. "फोटो चांगला हाय," तू म्हणालास. "पण हाराचा न्हाय. खांदंच न्हाईत मास्तर, हार टेकणार कुठं?" मग नळी पुन्हा नाकात घातलीस, दम गोळा केलास. "अभीला सांग. मागव म्हणावं तो बिनआरशाचा."

चाळीसेक वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा वाद हरलास. मला ते अजिबात आवडलं नाही. तू टीव्ही म्हणून भांडायला हवं होतंस. मी घरी येऊन जेवलो नाही.

कॅमेरा चार दिवसांत आला. रिंगसाठी तू दिलीपलाच सांगितलंस, दुसऱ्या कुणाचं मशीन तुला पटणार नव्हतं. दिलीप घरी येऊन माप घेऊन गेला. जाताना जिन्यात मला म्हणाला, "मास्तर, ह्यावेळी मापाला जाडी हाय. हुतंय बघा." रिंग आली. सैल झाली होती, भिंग कॅमेऱ्याच्या तोंडात डुलत होतं. पडेल म्हणून तू लावूच दिली नाहीस. मी म्हणालो, मी खालून हात धरतो, काढून घेऊ. अभिनंदन म्हणाला, अण्णा, एक फोटो, एकच. तू मान हलवलीस. "परत दे त्याला. नीट करू दे. घाई न्हाय."

घाई न्हाय म्हणालास तू. रिंग परत उद्यमनगरात गेली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन आला.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. फ्लेक्सवाल्याला फोटो लगेच हवा होता. मी तो हातभर अंतरावरचा पाठवला. त्याचा फोन आला, "काका, ह्यात बॉडीच न्हाय. हार कुठं लावू?" तुझेच शब्द. त्याला फोटोतलं कळत होतं म्हणायचं. मग अभिनंदनच्या मित्रांनी लग्नाचा ग्रुप फोटो शोधला, कोट-टाय फ्लेक्सवाल्याकडे तयार होताच, आणि ज्याला तू जन्मभर शिव्या घातल्यास ते तुझ्यावर झालं. अभिनंदनला दोष देऊ नकोस. त्या सकाळी त्याला स्वतःचं नाव नीट सांगता येत नव्हतं.

शोकसभाही झाली. एका वक्त्यानं तुला छायाप्रकाशाचा तपस्वी म्हटलं. दुसऱ्यानं सांगितलं, की कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात लहानपणी काही ऐकू येत नसल्यामुळे तू चेहरे वाचायला शिकलास. ही गोष्ट तू मला सांगितली होतीस आणि मी तेव्हाच म्हणालो होतो, की ही शोकसभेत वापरतील. तिसऱ्यानं तू काळ टिपलास असं सांगितलं. काळ कसला टिपतोस? तू शेंगांचे व्यापारी टिपलेस, त्यांना जेवणात काय केलंय ते विचारून. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. माझ्याकडे माइकमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते दोन मिलिमीटरचं होतं.

काल रक्षाविसर्जन झालं. पंचगंगेवरून परत आलो तर दिलीप स्टुडिओच्या पायरीवर बसलेला. आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला होता. खिशातून कागदाची पुडी काढली. "झाली," म्हणाला. "आता डुलत न्हाय." पुडी अभिनंदनच्या हातात दिली आणि चहाला थांबला नाही.

अभिनंदननं शटर वर केलं, कॅमेरा काढला, रिंग लावली, भिंग बसवलं. कट्ट आवाज झाला, तुला आवडला असता तसा. तो दारात जाऊन उभा राहिला आणि कडं फिरवत फिरवत त्या आडव्या आठावर नेलं. "काका, बघा." मी बघितलं. चौकापलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीचे काठ दिसत होते. त्याच्याही मागे एक टाकी, टाकीवर बसलेला कावळा. सगळं स्वच्छ. तुझं भिंग लांबचं बघायला लागलं होतं. टीव्ही आहे की नाही ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आत तुझी खुर्ची तशीच होती. कोट खिळ्याला, त्याच्या पाठीला वहिनींचे सगळे चिमटे. काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नसेल. मी लाल पट्टीवर जाऊन उभा राहिलो. कडं आठ फुटांवर नेलं; तिथं ते बोटांखाली आपोआप थांबतं, इतकं तू ते तिथं थांबवलंस. का उभा राहिलो विचारू नकोस.

"आज जेवायला काय?" माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

आतून वहिनींचा आवाज आला. रडून बसलेला, पण नेहमीचाच. "शेजारनं पिठलं आलंय मास्तर. थांबा जेवायला. अभीबी जेवला न्हाय सकाळपासनं."

त्यांचं बोलणं संपलं. मी थांबलो, तू थांबायचास तेवढाच. आणि बटण दाबलं.

अभिनंदननं कॅमेरा घेतला, फोटो मोठा करून बघितला. "आउट गेलाय काका. फळी आउट आहे, मागचा कोट पण आउट आहे. परत काढता काय?"

मी बघितलं. खुर्चीची फळी धूसर होती, जशी आईच्या मागे आहे, जशी सगळ्यांच्या मागे आहे. तिच्या फूटभर पुढे, खुर्चीच्या काठावर, जिथं फोकस होता, तिथं काही नव्हतं.

"पुसून टाकू?" अभिनंदननं विचारलं.

"नको," मी म्हणालो. "फोकस बरोबर आहे."